हाफ तिकिटाची बिडी

"मॅडम, खोली तुमालाच देतो. पन एक अट हाय. घरात बिडी-सिगरेट चालनार न्हाई."

बदली होऊन केजला आले आणि भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी बाई. मी बिडी ओढत असेन अशी शंका तोवरच्या आयुष्यात कुणाला आली नव्हती. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण ही अट घालणाऱ्या तोंडाच्या कोपऱ्यात एक बिडी होती. पेटवलेली नव्हती, पण प्रत्येक शब्दाला वरखाली हलत होती.

"आणि ही?" मी विचारलं.

"ही व्हय? ही शेवटची हाय. म्हनून तर पेटवायलो न्हाई."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बाई, त्यांच्या शेवटच्याचं कायी मनावर घिऊ नका. आमचं लगीन झाल्यापासून शेवटचीच चालू हाय."

मी खोली घेतली. खोली बरी होती, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे ज्या घरात नवरा-बायको पहिल्याच भेटीत परक्या माणसासमोर एकमेकांची अशी उडवतात, ते घर राहण्यालायक असतं, असं माझं मत आहे. पुढे मी त्यांना काका-काकू म्हणायला लागले.

काका आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर होते. आगाराने त्यांना हार घालून घरी पाठवलं, पण ते घरी आले ते गाडी बरोबर घेऊनच आले म्हणायचं. बाहेर पडताना लोखंडी फाटकावर किल्लीने दोनदा ठण्‌ठण् केल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे. कुणाच्या दारात पोचले की एकदाच ठण्. लग्नाच्या पंगतीत, देवळात, मयताच्या बैठकीतसुद्धा चार माणसं दाटीने उभी दिसली की यांच्या तोंडून निघायचंच, "चला, पुढं सरका, पुढं लई जागा हाय." मयताच्या घरी हे ऐकून म्हातारी माणसं कशी दचकून बघायची, ते सांगताना काकूंना पदर तोंडाला लावावा लागायचा.

एस.टी.तली माणसं कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यामुळे आमच्या फाटकाशी येऊन कुणी "मास्तर हायत का?" असं विचारलं की काकू आधी माझ्या खोलीकडे बघायच्या आणि मग म्हणायच्या, "कोनचे? शिकवनारे का न शिकनारे?"

न शिकणारे म्हणजे काका. आणि न शिकण्याचा विषय एकच, बिडी.

नोकरीत असताना गाडीतल्या बिडीचे ते कट्टर वैरी होते. एस.टी.त 'धूम्रपान करू नये' अशी पाटी असते, आणि ती पाटी आहे म्हणून सोडून देतात सगळे. काका ती मोठ्याने वाचून दाखवायचे. बिडी पेटवणाऱ्याच्या शेजारी उभे राहून, ती विझेपर्यंत. एकदा धारूरला चढलेल्या एका माणसाने त्यांना उलट ऐकवलं, "मास्तर, तुमच्याच तोंडाचा वास हितवर यायलाय की." काका म्हणाले, "वासाला तिकीट न्हाई. धुराला हाय." गाडीत आपण एकदाही बिडी पेटवली नाही, याचा त्यांना फार अभिमान. ते खरंही होतं. गाडी थांब्याला लागायच्या आत ते खाली उतरलेले असायचे, हेही तितकंच खरं.

केज-धारूर-माजलगाव ही त्यांची नेहमीची लाइन, आणि तिच्यावर त्यांच्या जोडीला वर्षानुवर्षं एकच ड्रायव्हर. ड्रायव्हरसाहेब काकांपेक्षा वयाने थोडे मोठे, उंच, सावळे, आणि बोलण्याच्या बाबतीत अगदी हात राखून. दोघं बोलायला लागले की सगळं काका बोलायचे आणि ड्रायव्हरसाहेब पुढे बघत राहायचे, समोर रस्ता असल्यासारखे. माजलगावकडून येताना धारूरचा घाट चढून आलं की त्या जुन्या गाडीचं इंजिन तापायचं. मग ड्रायव्हरसाहेब गाडी बाजूला घेत, पाणी ओतत, आणि इंजिन थंड होईस्तोवर दोघं दगडावर बसून एक बिडी ओढत. एकच. निम्मी ड्रायव्हरसाहेबांची, निम्मी काकांची.

"पुरी पेयाला टाइम कुनाला हुता, मॅडम?" काका मला सांगायचे. "पाशिंजर बोंबलायचे की."

दोघंही रिटायर झाले. ना इंजिन तापत होतं, ना पाशिंजर बोंबलत होते. तरी ड्रायव्हरसाहेब रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि एक बिडी दोघांत ओढली जाई. ते आपली निम्मी संपवून उरलेली पुढे करत, काका बोलणं न थांबवता ती घेत. दिवसभरात काका इतर दहाजणांबरोबर दहा बिड्या ओढायचे, पण त्या त्यांच्या लेखी चिल्लर. खरी ती संध्याकाळची.

काकू ड्रायव्हरसाहेबांना थोरल्या दिराचा मान द्यायच्या. म्हणजे ते आले की डोक्यावर पदर, आणि त्यांच्याशी सरळ बोलणं नाही. मी यायच्या आधी त्या दाराआडून भिंतीशी बोलत असाव्यात. मी आल्यावर त्यांची सोय झाली. ड्रायव्हरसाहेब हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि काकू मला म्हणायच्या, "बाई, त्यांना म्हनावं, च्या थंड हुतोय." मी म्हणायचे, "साहेब, चहा थंड होतोय." ते मान हलवायचे. मग मी काकूंना सांगायचे, "मान हलवली." मराठीची पदवी घेतली त्याचा असाही उपयोग झाला.

काकांनी बिडी किती वेळा सोडली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सोडण्याचा मोठा सोहळा असायचा. उरलेल्या बिड्यांचा कट्टा घेऊन ते चौकातल्या हॉटेलवर जायचे, तिथल्या प्रत्येकाच्या हातात एकेक बिडी ठेवायचे आणि जाहीर करायचे, "आजपासून सोडली." चारचौघांत सांगितलं की लाजेखातर पाळलं जातं, असा त्यांचा अंदाज. पण ज्यांनी फुकट बिडी ओढली त्यांना दुसऱ्या दिवशी उपकार फेडायची घाई व्हायची. "घ्या की मास्तर, एकीनं काय हुतंय?" आता पुढे केलेली बिडी नाकारायची म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठण्यासारखं. आमच्या भागात भावकीतलं भांडण खरंच मिटलं की नाही, ते कागदावरून कळत नाही. दोघांनी एका काडीवर बिड्या पेटवल्या की कळतं. अशा मुलखात बिडी सोडायची तर माणसंच सोडावी लागतात, आणि काकांना माणसांशिवाय घटकाभर करमत नसे.

बरं, घरातून विरोध होता म्हणावा तर तोही नाही. सगळे मदतीला धावायचे. काकू बडीशेप भाजून ठेवायच्या, लवंगा खिशात भरून द्यायच्या. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने बिडीची तलफ मारणारं औषधी च्युइंग गम पाठवलं. काकांनी पाकिटावरच्या सूचना माझ्याकडून वाचून घेतल्या आणि विचारात पडले. "गिळायचं न्हाई, थुकायचं न्हाई, गालात धरून ठिवायचं. मंग हे पाशिंजर उतरायचं कुठं?"

सकाळची अडचण वेगळीच. ती त्यांनी मला सांगितलेली नाही, भिंतीपलीकडून कानावर आली. "बिडीबिगर गाडी आगारातून निघतच न्हाई ना बे!" असं ते कुणावर ओरडत होते, देव जाणे; संडासात दुसरं कुणी नव्हतं. बिडी सोडली की पहिले काही दिवस काकू पपई, गरम पाणी आणि इसबगोल घेऊन त्यांच्या मागे फिरायच्या. मग एका सकाळी अचानक सगळं शांत व्हायचं, काका हसतमुखाने पेपर वाचत बसलेले दिसायचे, आणि काकू मला खुणेने सांगायच्या की झालं, पुन्हा सुरू.

पुन्हा सुरू होण्याला कारण मात्र दर वेळी भारदस्त लागायचं. कुणाचं मयत, कुणाची निवडणूक, नातू झाला. "सुखात बी लागते मॅडम, दुखात बी लागते," ते म्हणायचे. "अन् कायीच नसलं तर लईच लागते." आणि रिटायर माणसाचे कायीच नसलेले दिवसच जास्त असतात, हे मला तिथे राहिल्यावर कळलं. सगळी कारणं संपली की शेवटचं ठेवणीतलं निघायचं. "आता मला सांगा, जिल्ह्याचं नावच बीड. मी लातूरला जल्मलो असतो तर कवाच सुटली असती."

"काका," मी एकदा म्हटलं, "सोडणे या क्रियापदाचा तुम्ही पार अर्थच बदलून टाकलाय."

त्यावर ओट्यावरून ड्रायव्हरसाहेबांनी त्यांचं त्या आठवड्यातलं वाक्य खर्च केलं. "मॅडम, यस्टीत गाडी सोडली म्हंजे ती मुक्कामाला परत येतीच."

यावर काका इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. इथवर सगळी गंमतच होती. मीही हसत होते.

मग काका बाजाराच्या रस्त्यावर मधेच थांबायला लागले. मी बरोबर असले की चालता चालता एकदम उभे राहायचे, कुठल्या तरी दुकानाची पाटी वाचायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा चालायला लागायचे. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायचे, "विनंती थांबा हाय." आधी एक विनंती थांबा होता, मग दोन झाले, मग भाजीबाजारापर्यंत जायला त्यांना साध्या लालपरीपेक्षा जास्त थांबे लागायला लागले. मला तो त्यांचा नवा विनोद वाटला. पुढे त्यांनी पायमोजे घालायला सुरुवात केली, भर उन्हाळ्यात. अंघोळीला जातानाही ते काढेनात, तेव्हा काकूंनी एका दुपारी ते झोपलेले असताना उजव्या पायाचा मोजा हळूच ओढला.

करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी बरोबर गेले होते. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलायला स्पष्ट. बिडीने पायातल्या रक्ताच्या नळ्या आवळत जातात, बोटांपर्यंत रक्त पोचत नाही, म्हणून चालताना पोटरी दुखते आणि थांबावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. हे बोट काढावं लागेल. बिडी पूर्ण बंद झाली तर एवढ्यावर भागेल. नाही तर पुढे पाऊल, त्याच्यापुढे गुडघ्यापर्यंत.

"म्हंजे टप्प्याटप्प्यानं," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. काकाही हसले नाहीत. परतीच्या जीपमध्ये ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उभ्यानं जल्म गेला माझा, मॅडम. बसून ऱ्हायचं मला येत न्हाई." मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं बघितलं. हा माणूस एका जागी खुर्चीत बसलाय आणि फाटक वाजत नाही, हे मला डोळ्यांपुढे आणवेना.

बोट काढलं. घरातला कट्टा गेला, आगपेटी काकूंच्या कमरेला गेली. या वेळी चौकात जाऊन जाहीर करणं नव्हतं, सोहळा नव्हता. काका हॉटेलवर जायचे बंद झाले; संध्याकाळी ड्रायव्हरसाहेब तेवढे येत, आणि त्यांना चहा देऊन काकू स्वयंपाकाला आत जात. मला वाटलं, या खेपेला खरंच सुटली. पण जखम भरेना. पट्टी बदलायला गेलो की डॉक्टरीणबाईंचा चेहरा दर वेळी आणखी गंभीर व्हायचा. शेवटी त्यांनी सरळ विचारलं, "बिडी चालू आहे का? खरं सांगा. जखम अशीच राहिली तर मला पाऊल वाचवता येणार नाही."

"अंबाजोगाईच्या आईची शपथ," काका म्हणाले, "म्या एकबी बिडी पेलो न्हाई."

काकूंचा विश्वास बसला, कारण देवीची खोटी शपथ ते घेणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग काकूंनी दोष दुसरीकडे शोधला. घरात वांगं बंद केलं. मग आंबट बंद केलं. मग कुणाची तरी नजर लागली असेल म्हणून मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. एका दुपारी शाळेतून आल्यावर मी काकांच्या खुर्चीजवळ जाऊन बसले.

"काका, काल संध्याकाळी ओट्यावर तुमच्या हातात बिडी होती. मी खिडकीतून बघितली."

"ती डायवरसाहेबांची."

"होती तुमच्या हातात."

"पन पेटवली त्यांनी. बिडी त्यांची." ते जरा थांबले. "म्या फक्त हाफ."

"म्हणजे?"

"म्हंजे एकबी न्हाई पेलो, हे खरंच हाय की! एक म्हंजे फुल. फुल म्या हात लावल्याली न्हाई, देवीच्या शपथंला. डाक्टरनं इचारलं बिडी पेता का. हाफला बिडी म्हनत्यात व्हय? हाफ तिकिटाला सीट बी देत न्हाईत."

हे ते इतक्या प्रामाणिक चेहऱ्याने सांगत होते की वाद घालायला जागाच नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर फुल आणि हाफ असे दोनच ढीग केले, त्याच्या डोक्यात अर्धी बिडी कुठल्या ढिगात पडणार? मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात माझ्या पाठीमागे चहाचा कप बशीवर आपटला. काकू दारात उभ्या होत्या.

त्या तशाच मागे फिरल्या आणि चहा घेऊन आत गेल्या.

ड्रायव्हरसाहेब नेहमीच्या वेळेला आले, ओट्यावर बसले, बिडी पेटवली. त्यांची निम्मी होत आली, काकांनी सवयीने हात पुढे केला, आणि काकू बाहेर आल्या. मला वाटलं आता म्हणतील, बाई, त्यांना म्हणावं. मी उठूनही उभी राहिले. काकूंनी माझ्याकडे बघितलंच नाही. डोक्यावरचा पदर एका हाताने धरला आणि त्या ड्रायव्हरसाहेबांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, निम्मी बिडी देता म्हून डाक्टर निम्माच पाय कापनार हाय का?"

ड्रायव्हरसाहेबांचा हात तसाच राहिला. एवढ्या वर्षांत काकू त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या, आणि बोलल्या त्या हे. त्यांनी वळून काकांकडे पाहिलं.

"मास्तर, तुमी तर म्हनलते, डाक्टरनं सवलत देलीय."

"कसली सवलत?" काकू म्हणाल्या.

काका स्वतःच्या पट्टीकडे बघत पुटपुटले, "सिनियर सिटिझनला हाफ."

मला हसू फुटलं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की ते आल्या वाटेने परत गेलं.

"आस्सं," काकू म्हणाल्या. "बाईमानसाला बी हाफ झालंय आता यस्टीत. द्या मंग हिकडं. उरल्याली म्या वढते." आणि त्यांनी खरोखरच हात पुढे केला. "द्या की! त्यांचा पाय गेल्यावर म्या काय करू ते तुमी दोघं बसून ठरवा, तवर म्या वढते."

ड्रायव्हरसाहेबांनी बिडी फरशीवर चेपून विझवली. चपला घातल्या आणि निघून गेले. काकू तिथेच ओट्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. काका त्यांच्या शेजारी सरकले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरसाहेब आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. यायचं नाही असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. काका रोज संध्याकाळी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत आणि अंधार पडला की आत येत. बिडी आता हाफ नाही की फुल नाही, अजिबात बंद. जखमेच्या कडा भरून यायला लागल्या, डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला, आणि घर मात्र पार मुकं झालं. काका कुणाला पुढे सरका म्हणेनात. "बिडी गेली ते लई बरं झालं, बाई," काकू मला म्हणाल्या, "पन मानूस बी तिच्यासंगं गेला. तुमी त्यांना भेटून या. म्हनावं, च्या प्यायला तरी या."

ड्रायव्हरसाहेब मला बाजारात भेटले. मी निरोप सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि त्यांच्या मानाने खूप मोठं बोलले. "म्या आलो की त्यांचा हात म्होरं हुनार. अन् माझा बी हुनार. सवय हाय हाताला. नगं, मॅडम. पाय ऱ्हाऊ दे त्यांचा."

ते निघाले. मी बघत होते. थोडं पुढे जाऊन ते एका साडीच्या दुकानासमोर उभे राहिले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, घरात एकटा राहणारा माणूस काचेतल्या साड्यांकडे टक लावून बघत होता आणि एका हाताने पोटरी दाबत होता. मग पुन्हा चालायला लागले आणि पुढच्या दुकानाशी पुन्हा थांबले.

हे थांबणं मी आधी बघितलं होतं, आणि तेव्हा त्याला हसले होते. मी तशीच घरी आले आणि काकांना सांगितलं. काका उठले. पायाला पट्टी, डॉक्टरीणबाईंनी जास्त चालायचं नाही म्हणून बजावलेलं, पण त्यांनी रिक्षा बोलवायला लावली आणि मला बरोबर घेतलं. फाटक वाजवायचंसुद्धा त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

ड्रायव्हरसाहेब घराच्या पायरीवर बसले होते. पायात मोजे होते.

"डायवरसाहेब, मोजा काढा," काका म्हणाले.

"कावून?"

"काढा म्हनलं ना."

ते काढेनात. तेव्हा काका पायरीखाली कसेबसे वाकून बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि मोजा स्वतः काढला. अंगठा निळसर काळा पडत चालला होता. काका तो पाय हातात धरून नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "पुरी पेत हुता का?"

"मंग?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "एकट्यानं निम्मी कशी पेयाची? उरल्याली देयाची कुनाला?"

मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभी राहिले, कारण ते दोघं रडत होते आणि तसं करताना त्यांना कुणी बघितलेलं आवडलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी अंगठा तपासला आणि सांगितलं की हे वेळेवर आणलंत, अजून वाचेल, पण बिडी आजच्या आज बंद. काकांनी छाती पुढे काढून सांगितलं की त्याची जबाबदारी आमच्याकडे. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कापलेल्या बोटाच्या जागेकडे बघितलं आणि कसनुसं हसल्या. बिडी सोडवायला या माणसाइतका अपात्र माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडला नसता, हे त्यांनाही कळत असणार.

पण काकांनी ते काम अंगावर घेतलं. आता ड्रायव्हरसाहेब आमच्याकडे येत नाहीत, काका त्यांच्याकडे जातात. काकू डब्यात कधी शिरा, कधी भाजलेल्या शेंगा देतात आणि "भावजींना म्हनावं, समदं संपवा" असं थेट काकांकडे सांगून पाठवतात. मधल्या माणसाची, म्हणजे माझी, गरज संपली. दोघं पायरीवर बसतात. काका बोलत राहतात, ड्रायव्हरसाहेब पुढे बघत राहतात. मोठा प्रश्न होता तो हाताचा. बोलण्याच्या ओघात ड्रायव्हरसाहेबांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा, कधी कट्टा असायचा, कधी नसायचा, पण हात जायचाच. आणि तो गेला की काकांचाही हात पुढे व्हायचा. यावर काकांनी तोडगा काढला. ते आता ड्रायव्हरसाहेबांच्या डाव्या अंगाला बसतात आणि बसल्या बसल्या आपला हात त्यांच्या खिशात घालून ठेवतात. ड्रायव्हरसाहेबांचा हात तिथे पोचला की आत आधीच कुणी तरी बसलेलं असतं.

मधूनच चुकून एखादी ओढली जात नसेल, अशी खात्री मी देणार नाही. दोघांनाही मी चांगली ओळखते. पण अंगठा अजून जागेवर आहे, आणि काकांचं पाऊलही.

परवा मी शाळेतून येताना त्या रस्त्याने आले. दोघं पायरीवर तसेच बसले होते, काकांचा हात ड्रायव्हरसाहेबांच्या खिशात मनगटापर्यंत गेलेला. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने गाडी हळू केली आणि ओरडून विचारलं, "काय मास्तर, भर दिवसा मानसाचा खिसा कापायलात का?"

ड्रायव्हरसाहेबांनी खांदा जरासा खाली केला, काकांच्या हाताला अवघडू नये म्हणून.

"व्हय बे," काका म्हणाले. "पाय कापन्यापरीस बरंय."